गोब्र्याच्या पोटातली 'दोरी' म्हणजे नेमकं काय? (स्नेक ईल : ओळख, सवयी, जतन)

करवीरकर (धागाकर्ता):
मंडळी, मालवण-देवगडकडून बर्फात येणारा मोठा गोब्रा (ग्रुपर) किंवा तांबोशी (स्नॅपर) साफ करताना अधूनमधून पोटाच्या पोकळीत एक काळपट, चामड्यासारखी, वेटोळं घातलेली दोरी निघते. जठरात नव्हे, जठर-आतड्याच्या बाहेर. कधी वीतभर, कधी हातभर. गिऱ्हाईक म्हणतं जंत आहे, मासा परत घ्या. विकणारा म्हणतो काही होत नाही, खावा निवांत. हा जंत नसेल तर जठराबाहेर पोचला कसा? मासा खायचा की टाकायचा? आणि कॉलेजच्या संग्रहात ठेवायचा तर कसा ठेवायचा? जाणकारांनी सविस्तर लिहा.

प्राणिशास्त्र_तासिका:
जंत नाही. तो मासाच आहे, स्नेक ईल. कुळ ऑफिक्थिडी, ३०० हून जास्त जाती. समुद्राच्या तळाशी वाळूत-चिखलात गाडून घेऊन राहणारी वाम.

खात्री करायची तर सुरी घेऊन दोरी मधोमध आडवी कापा. आत मणक्यांचा काटा लागला की जंताचा विषय संपला. एका टोकाला कवटी, जबडे आणि दात असतात, दुसरं टोक कडक आणि टोकदार. जंतांचं रूप वेगळं. अनिसाकिस गटातले जंत दोन-तीन सेंटिमीटरचे, पांढुरके, आतड्यावर किंवा यकृतावर गुंडाळी करून बसलेले. गोब्र्याच्या अंडाशयात सापडणारे लालसर लांब धागे फिलोमेट्रा गटातले. मांसात तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी असतील तर बहुतेक पट्टकृमींच्या अळ्या. यातल्या कशालाच हाड नसतं.

आता ती बाहेर कशी आली. गोब्रा भक्ष्य चावून खात नाही. तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो आणि अख्खं गिळतो. त्यामुळे स्नेक ईल जठरात जिवंत पोचते. अंगाला चहूबाजूंनी दाब जाणवला की तिला एकच काम येतं, उकरत पुढे सरकायचं. शेपटीच्या टोकाला पर (फिन) नसतो, शेवटची हाडं एकमेकांना जुळून घट्ट झालेली असतात. त्या टोकाने जठराची भिंत भोसकली जाते आणि ती पोटाच्या पोकळीत येते. पण पुढे पोटाचे जाड स्नायू आणि खवल्यांची कातडी, तिथे तिचं काही चालत नाही. श्वासाला पाणी नाही म्हणून ती मरते. गोब्र्याचं शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करतं. जठराबाहेर पाचकरस नसल्यामुळे ती विरघळत नाही, सुकत-आकसत चामड्यासारखी होते. जठरावरची जखम भरून येते, मासा पुढे जगतो. म्हणून मासा कापताना जठरावर भोक शोधून उपयोग नाही, बहुतेकदा दिसतच नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड म्युझियमने असे नमुने तपासून छापले आहेत, त्यामुळे ही कोकणातल्या गोब्र्याची खासियत वगैरे नाही.

भुदरगडी:
म्हणजे बिचारी दोन्हीकडनं गेली म्हणायची. पण सर, अशी पण वाम असते ना जी माशाच्या आत शिरून मांस खाते? शार्कच्या काळजात सापडलेली.

प्राणिशास्त्र_तासिका:
ती वेगळी. सिमेन्केलिस पॅरासिटिका, खोल समुद्रातली आखूड तोंडाची वाम, कुळही वेगळं. १९९२ साली न्यूयॉर्कच्या माँटॉक बंदरात आणलेल्या एका माको शार्कच्या हृदयात तिच्या दोन माद्या मिळाल्या, जठरात शार्कचंच रक्त. ती बाहेरून आत शिरली. आपली स्नेक ईल गिळली गेलेली असते, परजीवी नव्हे. ती यजमानाचं काही खात नाही.

देवगड_ते_कोल्हापूर:
खायचं की टाकायचं यावर. मासा ताजा असेल तर खायला हरकत नाही. पोट फाडताना सुरीचं टोक गुदद्वारापासून गळ्याकडे, धार वर आणि उथळ ठेवा, म्हणजे आतडं फुटत नाही. दोरी आवरणासकट हाताने सोडवून काढा. पोकळीच्या भिंतीला चिकटली असेल तर तेवढी पातळ झिल्ली खरवडून टाका, पोकळी गार पाण्याने धुवा. गडबड दोन ठिकाणी होते. एक, दोरी ओढताना पित्ताशय फुटतं आणि कडू पाणी मांसाला लागतं. दुसरं, लोक दोरीकडे बघत बसतात आणि मासा शिळा आहे हे बघत नाहीत. गलफडं तपकिरी, बरगड्यांपासून मांस सुटलेलं, पोटाला आंबूस वास, यातलं काही असलं तर दोरी असो नसो, परत करा.

दोरी जठराच्या आत मिळाली तर ते निव्वळ ताजं खाणं. कातडी गेलेली, अर्धवट पचलेली असते. त्यात विशेष काही नाही.

सुप्रिया_जीव:
सर, शेपटीचं कळलं, पण ही वाळूत डोक्याने शिरते की शेपटीने? दोन्ही वाचायला मिळतं.

प्राणिशास्त्र_तासिका:
ताई, दोन्ही बरोबर, जातीवर अवलंबून. बहुतेक स्नेक ईल शेपटीने शिरतात. टोक टेकवायचं, अंगाला आडव्या लाटा द्यायच्या, त्या हालचालीने पाण्याने भरलेली वाळू सैल होते आणि अंग मागे मागे आत जातं. डोकं शेवटी, अनेकदा जातच नाही, नाकपुड्या-डोळे वर राहतात. हे काम काही सेकंदांचं. अंगावर खवलं एकही नाही आणि चिकट स्राव भरपूर, त्यामुळे घर्षण कमी.

आपल्या खाड्यांतली पिसोडोनोफिस बोरो ही जात मात्र दोन्ही बाजूंनी शिरते. तिच्या हाडा-स्नायूंवर २००७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी काम प्रसिद्ध केलं. पुढे निमुळती भक्कम कवटी, लहान डोळे, मागे जुळलेली शेपटीची हाडं. म्हणजे दोन्ही टोकं हत्यारं. हिचं पहिलं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं, यावरून ती गोड्या-मचूळ पाण्यात किती आत येते हे लक्षात येईल. खाडी, खाजण, भातखाचर, सगळीकडे चालते. मीटरभर वाढते.

याच कुळात दुसरा उपगट आहे, वर्म ईल. त्यांच्या शेपटीला मऊ पर शिल्लक आहे. टोक बोटाने दाबून बघा, कडक बोचरं लागलं तर स्नेक ईल, मऊ आणि परांची कड लागली तर वर्म ईल. नुसत्या फोटोवरून सांगण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं.

भुदरगडी:
गाडून घेतल्यावर श्वास कसा काय? वाळू गलफडात जाणार की.

सुप्रिया_जीव:
याचं उत्तर गळ्याखाली आहे. सगळ्या हाडधारी माशांना गलफडाच्या झाकणाखाली काही बारीक वाकड्या हाडकाड्या असतात. या कुळात त्या संख्येने खूप वाढल्यात, आणि डाव्या-उजव्या बाजूच्या काड्या गळ्याखाली मध्यरेषेवर एकमेकींवर चढतात. दुसऱ्या कुठल्याच वामीच्या कुळात हे नाही. गळ्याखालचं कातडं सोलून हे पाहिलं की कुळ नक्की. वाळूचा दाब आला तरी गलफडाची खोली चेपत नाही, आणि त्याच काड्यांच्या हालचालीने पाणी आत-बाहेर होतं. पाणी तोंडातून घेतलं जातं, म्हणून तोंड वर. बाहेर पडायचं छिद्र बाजूला, लहान.

पुढच्या नाकपुड्या नळीसारख्या, वरच्या ओठावरून खाली लोंबतात. मागच्या नाकपुड्या थेट ओठाच्या कडेत किंवा तोंडाच्या आतल्या बाजूला उघडतात. भिंग घेऊन ओठ उलटा करून बघावं लागतं, नाहीतर 'नाकपुडी एकच जोडी' असं चुकीचं लिहिलं जातं.

रंकाळाकाठ:
मालवणला रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) असली जिवंत निघाली की "समुद्रसाप" म्हणून आरडाओरडा होतो. फरक सोप्या भाषेत सांगा राव, जीवाचा प्रश्न आहे.

देवगड_ते_कोल्हापूर:
आधी नियम: जाळ्यात लांब जनावर दिसलं आणि ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही. काठीने किंवा लांब चिमट्याने बाजूला.

शेपटी बघा. समुद्रसापाची शेपटी उभी चपटी, वल्ह्यासारखी. स्नेक ईलची गोल निमुळती होत टोकदार. समुद्रसापाला खवलं असतात, गलफडाचं छिद्र नसतं, पर नसतो. स्नेक ईलला मानेजवळ दोन्ही बाजूंना एकेक छिद्र, पाठीवर लांबलचक बुटका पर (काही जातींत तो अगदी नावाला). जीभ लवलवताना दिसली तर साप. पाण्यात असताना दर थोड्या वेळाने नाक वर काढून हवा घेत असेल तर साप.

सिंधुदुर्गात जाळ्यात जास्त सापडणारे समुद्रसाप म्हणजे हायड्रोफिस शिस्टोसस आणि हायड्रोफिस कर्टस. दोन्ही विषारी. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं, समुद्रसापासाठी नाही. चावल्याची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. मग काही तासांनी अंगभर स्नायू दुखू लागतात, लघवी गडद होते. चावा बसला तर तो अवयव न हलवता मोठ्या हॉस्पिटलात, वाट बघत बसू नका. समुद्रसाप १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, मारून बाटलीत भरायचं डोक्यात आणू नका.

स्नेक ईलला विष नाही. चावते मात्र जोरात, आणि हातात धरली की शेपटीचं टोक बोटांच्या बेचक्यात खुपसते. गळाला लागली तर अंग पिळून दोराचा पार गुंता करते. चावा साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा.

प्राणिशास्त्र_तासिका:
वरच्यात एक भर. पट्टेवाली स्नेक ईल, मायरिक्थिस कोलुब्रिनस, फिकट अंगावर गडद कडी, विषारी पट्टेरी समुद्रसाप लॅटिकॉडा कोलुब्रिनाची हुबेहूब नक्कल. अंदमानात हा साप आहे. या वामीला त्या रंगामुळे वाळूवर उघड्यावर फिरता येतं, बिळात तोंड घालून खेकडे-मासे शोधता येतात. नुसत्या पट्ट्यांवरून निर्णय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शेपटी आणि गलफडाचं छिद्र, बास.

आणि एक स्थानिक गोंधळ. पंचगंगेत मिळते ती वाम मॅस्टासेम्बेलस, पाठीवर सुट्या काट्यांची रांग असलेली, सोंडेसारखं नाक, अंगावर बारीक खवलं. ती खरी ईल नव्हेच, दुसरी शाखा. नदीतली खरी ईल म्हणजे अहीर, ती अंडी घालायला समुद्रात जाते. कृष्णेचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं आणि वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, तेव्हा तिचं इकडे काय होत असेल ते समजून घ्या. स्नेक ईल या दोन्हींहून वेगळी.

भुदरगडी:
ही खाते काय? आणि पिल्लं कधी बघितल्याचं कुणी सांगत नाही.

सुप्रिया_जीव:
दातांवरून कळतं. पिसोडोनोफिसचे दात बोथट, दाणेदार, अनेक ओळींत मिळून दळायचा पट्टा होतो. कवचाचं खाणं. याच वंशातल्या दुसऱ्या जातीचं नावच कॅन्क्रिव्होरस, खेकडे खाणारी. ऑफिक्थस वंशात दात टोकदार, मासे-कोळंबी पकडायला. याच कुळातला ब्रॅकिसोमोफिस वंश म्हणजे टपून बसणारी: उभी गाडून घेते, फक्त तोंडाचा शेंडा वाळूच्या पातळीला, डोळे पार पुढे नाकाजवळ सरकलेले, ओठांना कातड्याची झालर. झालरीमुळे बंद तोंडात वाळू जात नाही. माशाने वरून जायचं आणि तिने झडप घालायची.

पिल्लं दिसत नाहीत कारण ती पिल्लासारखी नसतातच. सगळ्या खऱ्या ईलप्रमाणे अळी लेप्टोसेफॅलस, चपटी, काचेसारखी पारदर्शक, डोकं इवलंसं. रक्तात लाल पेशी नाहीत, म्हणून रक्तही दिसत नाही. उघड्या समुद्रात तरंगत महिनोन् महिने काढते, पाण्यातला सेंद्रिय कचरा खाते. रूपांतर होताना लांबी वाढायच्या ऐवजी घटते, अंग गोल होतं, मग तळ गाठते. स्नेक ईलच्या अळीचं आतडं सरळ नसून त्यावर जागोजाग फुगवटे असतात, त्यावरून ती दुसऱ्या वामींच्या अळ्यांतून वेगळी काढतात. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात येते, पण प्लास्टिकचा तुकडा समजून टाकली जाते.

खाऱ्या_पाण्याची_टाकी:
कोल्हापुरात एक-दोनदा "गोड्या पाण्यातली ईल" म्हणून पिसोडोनोफिस विकायला आलेली आहे. घेऊ नका असंच सांगेन. तरी घेणारच असाल तर:

साधं मीठ चालत नाही. त्यात फक्त सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट नाही. मत्स्यटाकीचं सागरी मीठच घ्या. पूर्ण समुद्राच्या पाण्याला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, खाडीच्या जातीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा, मीठ वेगळ्या बादलीत विरघळवून रात्रभर हवा सोडा, मगच टाकीत.

वाळू बारीक आणि गोल कणांची, किमान १२ ते १५ सेंटिमीटर. कुटलेल्या प्रवाळाचे तुकडे नकोत. खवलं नाहीत म्हणून पोट खरचटतं आणि तिथून संसर्ग. पण इतकी जाड वाळू न हलता राहिली की खाली काळी पडते, सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड साठतो. वाम स्वतः वाळू ढवळते हे खरं, कोपऱ्यात मात्र ढवळत नाही. तिथे काठीने हळूहळू, एका वेळी थोडं. एकदम सगळं उपसलं तर टाकीतलं सगळं जनावर मरतं.

झाकण. टाकीतल्या बऱ्याच वामी झाकण नीट नसल्यामुळेच मरतात. पाईपसाठी ठेवलेल्या फटीत शेपटी घालते आणि मागे मागे बाहेर येते. फटीत जाळी, झाकणावर वजन. तांब्याचं औषध बिलकूल नाही. खाणं लांब चिमट्याने, हात पाण्यात घालून नाही. सोबतचे लहान मासे एकेक करून नाहीसे होतील, त्याबद्दल नंतर धागा काढू नका.

प्राणिशास्त्र_तासिका:
आता जतनाचं, करवीरकरांनी विचारलेलं. गोब्र्यात सुकलेला नमुना आणि ताजा नमुना यांची रीत वेगळी.

ताजा: बर्फातून काढून फ्रिजमध्ये हळू वितळवा. अंगावरचा चिकट थर मिठाने चोळून धुवा. हा टप्पा गाळला की फॉर्मॅलिनमध्ये तो थर पांढरा गोठतो आणि डोक्यावरची बारीक संवेदी छिद्रं बुजतात, आणि या कुळात जात ओळखायला तीच छिद्रं मोजावी लागतात. डीएनएसाठी उजव्या बाजूचा हरभऱ्याएवढा स्नायू फॉर्मॅलिनच्या आधी काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल बदला. फॉर्मॅलिन लागल्यावर डीएनए नीट मिळत नाही. डावी बाजू अखंड ठेवा, मोजमाप-फोटो तिचे.

दुकानातलं फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग, लिटरमागे चमचाभर बोरॅक्स. बोरॅक्स नसेल तर द्रावण आम्ल होऊन हाडं विरघळायला लागतात. उजव्या बाजूने पोटाला लांब चीर, आणि दर तीन-चार सेंटिमीटरवर स्नायूत इंजेक्शन. ते केलं नाही तर बाहेरून कडक आणि आतून सडलेली वाम मिळते. तोंडात कापसाचा बोळा, म्हणजे दात पुढे दिसतील. बरणीत बसेल असा वळसा ताठरण्याआधीच द्या. नंतर वाकवली तर शेपटीचं टोक मोडतं. आठ-दहा दिवसांनी काढून दोन दिवस पाण्यात (पाणी बदलत), मग ३५, ५०, ७० टक्के अल्कोहोल अशा पायऱ्यांनी. स्वस्त स्पिरिट पाणी घातल्यावर दुधाळ झालं तर ते वापरू नका. फॉर्मॅलिन कॅन्सरकारक आहे, हातमोजे आणि उघडी खिडकी, वर्गात मुलांसमोर बाटली उघडायची नाही.

सुकलेला: फॉर्मॅलिनची गरज नसते. कोमट पाण्यात दोन-तीन तास मऊ करा, आवरण चिमट्याने सोला, थेट ७० टक्क्यांत. वेटोळं जबरदस्तीने सरळ करू नका, मणके सुटतात.

सुप्रिया_जीव:
छिद्रं मोजायची युक्ती: नमुना अल्कोहोलमधून काढून टिपकागदाने कोरडा करा, डोक्यावर भिंग धरा, आणि कॅमेऱ्याची लेन्स साफ करायच्या रबरी फुग्याने तिरकी हवा मारा. छिद्रात अडकलेला थेंब हलतो, चमकतो, छिद्र लगेच दिसतं. डोळ्यामागची, खालच्या जबड्यावरची आणि कवटीवरची वेगवेगळी मोजा. पाठीचा पर सुरू कुठे होतो तेही: छातीच्या परांच्या वर सुरू झाला तर कॅन्क्रिव्होरस, परांच्या टोकाच्या मागे सुरू झाला तर बोरो.

सुकलेल्या नमुन्यात पर गेलेले असतात. मग मणके. एक्स-रे काढा, जनावरांच्या दवाखान्यात डिजिटल मशीन असतं, सगळ्यात कमी पॉवरवर घ्यायला सांगा, लांब नमुन्याचे तुकड्या-तुकड्याने फोटो आणि मध्ये टाचणी ठेवून खूण, नाहीतर मणके दोनदा मोजले जातात. जॉन मॅकॉस्कर यांनी १९७७ मध्ये या कुळाच्या हाडांवर मोठं काम केलं, तेव्हापासून नव्या जातीच्या वर्णनात मणक्यांचा आकडा असतोच.

करवीरकर:
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा भारी माहिती मिळाली. शेवटचं: चिठ्ठीवर ठिकाण म्हणून काय लिहायचं? मासा कोल्हापुरात घेतलेला असतो.

प्राणिशास्त्र_तासिका:
कोल्हापूर अजिबात लिहू नका, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी घाटमाथ्यावर समुद्री वाम आहे असा लेख लिहील. विकणाऱ्याकडून बंदर आणि माल उतरल्याची तारीख घ्या, जमलं तर जाळं की गळ आणि किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात तेही. यजमान मासा कोणता, त्याची लांबी, दोरी जठरात होती की बाहेर, डोकं कुठल्या दिशेला. बंदर कळत नसेल तर "कोल्हापूर बाजार, मूळ ठिकाण अज्ञात" असं पूर्ण लिहा.

देवगड_ते_कोल्हापूर:
आणि चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने. बॉलपेन अल्कोहोलमध्ये महिन्याभरात उडतो.

भुदरगडी:
एकाच पेटीत दोन बंदरांचा माल असतो कधीकधी, ते पण विचारून घ्या गा.